मदत हवी आहे : बीटातून (रिलीजआधीच्या चाचणीतून) कामाचा फीडबॅक कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये कोणी अँड्रॉइड गेम बनवत असेल तर सल्ला हवाय. प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी आणण्याआधी किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (फक्त निवडक लोकांच्या चाचणीत) ठेवावे लागतात. माणसं जमतात, पण ‘गेम हँग होतो’ एवढ्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही. फोनचं मॉडेल, रॅम, बिल्ड नंबर (गेमची नेमकी कोणती आवृत्ती) हवा. ‘तिसऱ्या लेव्हलला कॉल आला, परत आल्यावर आवाज गेला, दरवेळी होतं’ असं कोणी लिहिलं की ऑडिओ फोकस (त्या क्षणी आवाज कोणत्या ॲपचा चालू राहील ते) तपासायचा हे लगेच कळतं. असं एक वाक्य पाच स्टारपेक्षा मोलाचं!

वेळही महत्त्वाची. रिलीजच्या तोंडावरच्या बीटात क्रॅश आणि सर्व्हरचा लोड सुधारतो, मूळ रचना नाही. म्हणूनच ‘आमचं ऐकतच नाहीत’ असं खेळणाऱ्यांना वाटतं. बाल्डर्स गेट 3 हा गेम ऑक्टोबर 2020 पासून ऑगस्ट 2023 पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये (अपुरा असतानाच विक्रीला) होता, तिथे बदलायला सवड होती.

तर, फॉर्म गेममध्येच द्यावा की व्हॉट्सॲप ग्रुप चालेल? ग्रुपवर पहिल्याचं मत वाचून बाकीचे तेच म्हणतात, ही माझी धास्ती. आणि पंचवटी, सिडको, देवळालीकडे 3 जीबी रॅमचा जुना फोन वापरणारे कोणी आहेत का? तेच सगळ्यात जास्त हवेत.