मदत हवी आहे: ऑफिसच्या लॅपटॉपवर खासगी मेल उघडला म्हणून कारणे दाखवा नोटीस

नमस्कार मंडळी. माझ्या टीममधल्या एका सहकारी मुलीला कारणे दाखवा नोटीस आली आहे. आरोप, कामाच्या वेळेत इंटरनेटचा खासगी वापर. सोबत स्क्रीनशॉट जोडलेत आणि त्यात तिने डॉक्टरांना लिहिलेला मेल ओळ न् ओळ वाचता येतो. तो कागद एचआर, मॅनेजर, सगळ्यांच्या हातून फिरलाय. मला चीड याचीच जास्त येते. वेळ वाया गेला हे दाखवायला कोणती साइट किती वेळ उघडी होती एवढी नोंद पुरली असती, मजकूर कशाला हवा होता?

सही घेतलेल्या धोरणात ‘वापरावर देखरेख ठेवली जाऊ शकते’ एवढंच एक वाक्य आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१७ मध्ये बार्बुलेस्कू खटल्यात (रोमानियातल्या या कर्मचाऱ्याचे मेसेज त्याच्या कंपनीने वाचले होते) नेमकं हेच पाहिलं होतं: देखरेख कुठवर जाणार, मेसेजचा मजकूरही वाचणार का, हे कर्मचाऱ्याला आधी सांगितलं होतं का? तो निकाल सगळीकडे बंधनकारक नाही, पण मुद्दा रास्त आहे.

उत्तरात हे मांडावं का? वापराची पूर्ण नोंद मागता येते का? आणि तो मेल फाइलमधून काढून टाकण्याची मागणी आत्ताच करावी की चौकशीत? अशा प्रकरणात कुणी उत्तर लिहिलं असेल तर कृपया सांगा, सोमवारपर्यंतच मुदत आहे.