‘वितंडवाद’ नेमका कशाला म्हणावा?

प्रश्न : लांबत गेलेल्या कोणत्याही वादाला ‘वितंडवाद’ म्हणण्याची रीत बोलण्यात आणि वृत्तपत्रांत रुळली आहे. शब्दाचा मूळ अर्थ हाच आहे का? वाद, वितंडा आणि शब्दच्छल यांत आज फरक करण्याची गरज आहे का?

उत्तर : गरज आहे, असे माझे ठाम मत आहे. वाद किती लांबला किंवा किती तापला याच्याशी या शब्दांचा संबंध नसून, बोलणारा कोणत्या हेतूने आणि कोणत्या रीतीने बोलतो हे ते सांगतात. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, दोन पक्षांच्या चर्चेला ‘कथा’ म्हणतात आणि तिचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार मानतात. वादात दोन्ही बाजू प्रमाण (पुरावा) आणि तर्क यांच्या आधारे आपापला पक्ष मांडतात व सत्य काय ते ठरवू पाहतात. जल्पात स्वतःचा पक्ष असतो, पण ओढ जिंकण्याची असते, म्हणून तेथे छलासारखी (शब्दांचा अर्थ फिरवण्यासारखी) साधनेही वापरली जातात. वितंडा करणारा मात्र समोरच्याचे म्हणणे खोडत जातो आणि स्वतःचा पक्ष स्थापन करत नाही.

कसोटी म्हणून ही शेवटची गोष्ट पुरेशी आहे. ग्रामसभेत पाझर तलावाचा विषय निघाला आणि एखाद्याने तलावही नको, विहिरींचे पुनर्भरणही नको, नळयोजनाही नको असे म्हणत प्रत्येक सूचनेतील दोष दाखवला, पण गावाने पाण्यासाठी काय करावे हे शेवटपर्यंत सांगितले नाही, तर ती वितंडा होय. दुसरा कोणी खर्चाचा हिशेब मागत तासभर उभा राहिला, तर तो वितंडा करत नाही. तो पुरावा मागत आहे, आणि पुरावा मागणे हा वादाचाच भाग आहे. अशा माणसाला ‘वितंडवादी’ म्हणून गप्प बसवणे हीच खरे तर श्रोत्यांना फसवणारी युक्ती आहे.

मराठीत खुद्द ‘वाद’ या शब्दालाच भांडणाची छटा आली आहे. समर्थांच्या ‘तुटे वाद संवाद तो हीतकारी’ या चरणात ती स्पष्ट दिसते. उलट गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘वादः प्रवदतामहम्’ असे म्हणताना भगवंत त्याच वादाला आपली विभूती मानतात. ‘वादे वादे जायते तत्त्वबोधः’ हे वचन आपण आजही वापरतो, ते या दुसऱ्या अर्थाने.

शब्दच्छल याहून निराळा. बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दांवर लादून त्याला खोटे पाडणे म्हणजे छल. ‘नवकंबल’ हे त्याचे परंपरेतील उदाहरण आहे: एकजण म्हणतो की या मुलाकडे नवे कांबळे आहे, आणि प्रतिवादी ‘नव’ म्हणजे नऊ असे धरून विचारतो, बाकीची आठ कुठे आहेत?

पुरवणी प्रश्न : मग वितंडा नेहमीच निंद्य समजावी का?

उत्तर : शास्त्र तसे म्हणत नाही. कोवळ्या रोपांच्या रक्षणासाठी जसे काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे तत्त्वाचा निश्चय राखण्यासाठी जल्प आणि वितंडा असतात, असे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांतच, म्हटले आहे. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात नैयायिकांच्या (न्यायशास्त्राच्या पंडितांच्या) व्याख्या याच पद्धतीने एकेक करून खोडल्या, आणि त्या ग्रंथाला कोणी पोकळ भांडण म्हणत नाही. म्हणून मराठीत ‘वितंडा’ हा शब्द पद्धतीचे नाव म्हणून वापरावा आणि निव्वळ कटकटीसाठी ‘वादासाठी वाद’ हा साधा प्रयोग करावा, असे मी सुचवीन.

श्रोत्यांचा विचार मात्र न्यायसूत्रांपेक्षा चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातील विमानस्थान या भागात अधिक बारकाईने आला आहे, आणि सभेत बोलणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला मनापासून वाटते. वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी हे सांगताना चरक मित्रभावाने केलेली ‘संधाय संभाषा’ आणि विरोधाने केलेली ‘विगृह्य संभाषा’ असे दोन प्रकार करतो. मग तो सभेकडे वळतो: सभा जाणती आहे की मूढ, आणि ती स्नेही, तटस्थ की आधीच विरोधात गेलेली, हे बोलण्यापूर्वी पारखायला सांगतो. या शेवटच्या सभेला तो ‘प्रतिनिविष्ट’ म्हणतो, आणि ती जाणती असो वा मूढ, तेथे कोणाशीही जल्प करू नये असा त्याचा स्पष्ट निर्देश आहे.