इटालियन कथा वाचायची तर सुरुवात सिसिलीपासून करा, काल्व्हिनोपासून नको

सांगोलेकर

काल्व्हिनो वाचला की इटालियन साहित्य वाचून झालं, अशी समजूत आपल्या वाचकांत बरीच दिसते. इंग्रजी अनुवादांतून वाचणारा मराठी माणूस आधी काल्व्हिनो घेतो, मग उम्बेर्तो एको, आणि अलीकडे एलेना फेरान्ते. काल्व्हिनो मोठा लेखक आहे, त्यात वाद नाही. पण आपण सुरुवात तिथून करू नये, सिसिलीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

सिसिली म्हणजे जोव्हान्नी वेर्गा, लुइजी पिरांदेल्लो आणि लेओनार्दो शाशा. तीन पिढ्यांचे तिघे, पण एकाच रखरखीत बेटाचे.

वेर्गाची ‘रोस्सो माल्पेलो’ ही १८७८ची कथा घ्या. लाल वाळूच्या खाणीत राबणारा एक पोरगा. त्याचे केस तांबडे आहेत, कारण तो वाईट आहे: हा उफराटा न्याय पहिल्याच वाक्यात येतो, आणि तो अगदी गंभीरपणे सांगितला जातो. बाप त्याच खाणीत वाळूचा खांब कोसळून गाडला गेला. खाणीत एक लंगडं पोर कामाला येतं. माल्पेलो त्याला बडवतो, आणि आपल्या वाटणीचा अर्धा कांदाही त्यालाच देतो. मेलेल्या गाढवाला कुत्री फाडून खात असतात, तिथे तो त्या पोराला मुद्दाम घेऊन जातो. आता याला कोणी मारलं तरी लागत नाही, हे त्याला दाखवायचं असतं. शेवटी एका अनोळखी बोगद्यात कोणाला तरी पाठवायचं असतं. मागे रडणारं कोणी नाही म्हणून माल्पेलोला पाठवतात. तो परत येत नाही.

या सगळ्यात वेर्गा एकदाही मध्ये पडून ‘बघा किती अन्याय’ असं म्हणत नाही. कथा गाव सांगतं, गावाच्या तोंडाने, गावाच्या सगळ्या दुष्टपणासकट. कळवळा वाचकाच्या पोटात तयार होतो, पानावर तो कुठेच नाही. अशी निर्दयपणे सांगितलेली दयाळू गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

पिरांदेल्लोची ‘चाऊला’ गंधकाच्या खाणीतली. चाऊला तिशी ओलांडलेला, पण बुद्धीने पोरच. त्याला खाणीतल्या अंधाराची भीती वाटत नाही, बाहेरच्या रात्रीची वाटते. एका रात्री पाठीवर गंधकाचं ओझं घेऊन तो वर चढतो आणि आयुष्यात पहिल्यांदा चंद्राकडे नीट बघतो. पिरांदेल्लोच्या वडिलांचे पैसे गंधकाच्या खाणीतच गुंतले होते, आणि १९०३ साली खाणीत पाणी शिरून घर बुडालं. त्याला ती खाण घरातूनच ठाऊक होती.

दुष्काळ, मुकादम, उचल घेऊन विकलेला हंगाम ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे जग समजावून सांगावं लागत नाही. म्हणून म्हणतो, दार इथून उघडा.

ऋतुजा_ठाणे

सांगोलेकर, ‘माल्पेलो’वर तुम्ही लिहिलंत ते आवडलं. पण तुमचं कारणच मला पटत नाही. ओळखीचं वाटतं म्हणून वाचायचं असेल तर इटलीपर्यंत जायचं कशाला? माणदेश आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी लिहून ठेवलाय. परक्या भाषेतली कथा मी वाचते ती आपल्याकडे नसलेलं काही हाती लागावं म्हणून.

दीनो बुत्झातीची ‘सात मजले’ वाचा. जुझेप्पे कोर्ते नावाचा माणूस किरकोळ आजार घेऊन एका नावाजलेल्या रुग्णालयात येतो. तिथे सातव्या मजल्यावर सगळ्यात सौम्य रुग्ण, आणि जसजसं खाली यावं तसतसे गंभीर. पहिल्या मजल्यावर फक्त मरणाची वाट पाहणारे. कोर्ते सातव्यावर. मग एका बाईला तिच्या मुलांसह शेजारच्या खोल्या हव्यात म्हणून त्याला सहाव्यावर यायची विनंती होते, तात्पुरती. मग काही फेररचना होते. मग खालच्या मजल्यावर उपचाराचं एक यंत्र असतं. दर वेळी कारण साधं आणि डॉक्टर अतिशय सभ्य. या कथेत एकही खलनायक नाही, आणि तरीही मला शेवटची पानं वाचताना पंखा बंद करून बसावंसं वाटलं इतकी थंडी भरली. याच्या तोडीचं मला मराठीत, जीएंना धरूनसुद्धा, सापडलेलं नाही. म्हणून मला ते हवं आहे.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. आपण सगळे वाचतो ते इंग्रजीतून. वेर्गाचं सगळं सामर्थ्य गावाच्या तोंडात आहे असं तुम्हीच म्हणता. ते तोंड इंग्रजीत येतं कुठे? इंग्रज कादंबरीकार डी. एच. लॉरेन्सने १९२०च्या दशकात वेर्गाच्या कथा इंग्रजीत आणल्या. त्या वाचताना मला सिसिलीपेक्षा लॉरेन्सच जास्त ऐकू येतो. उलट काल्व्हिनोचं गद्य स्वच्छ, कोरीव. विल्यम वीव्हरच्या अनुवादात ते जवळजवळ अखंड पोहोचतं. ‘मार्कोव्हाल्दो’मधला तो हमाल ट्राम थांब्यापाशी उगवलेली अळंबी बघून हरखतो, मग ती खाऊन सगळे एकाच दवाखान्यात भरती होतात. यात काय हरवलं? काहीच नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला असं पुस्तक द्यावं, जे प्रवासात फुटत नाही.

पुस्तकी_किडा

वादात न पडता विचारतो, एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं?

ऋतुजा_ठाणे

झुंपा लाहिरी यांनी संपादित केलेला पेंग्विनचा इटालियन कथांचा संग्रह, २०१९चा. चाळीस लेखक आहेत. शाशा, बुत्झाती, गिन्झबुर्ग, काल्व्हिनो सगळे. लेखकांचा क्रम वर्णानुक्रमे, पण उलटा लावलाय, त्यामुळे सुरुवात व्हित्तोरीनीपासून होते आणि शेवट आल्व्हारोवर. कोण आधीचा, कोण थोर, हे डोक्यात न ठेवता वाचता येतं. लाहिरी २०१२ साली रोमला राहायला गेल्या आणि पुढे इटालियनमध्येच लिहू लागल्या. त्यांची निवड अभ्यासकाची आहे तशीच नव्याने भाषा शिकलेल्या वाचकाचीही आहे.

सांगोलेकर

ऋतुजाताई, अनुवादाचा मुद्दा वजनदार आहे, पण तो उलट्या बाजूलाही जातो. वेर्गाने सिसिलीच्या बोलीत लिहिलंच नाही. १८७२ पासून पुढची वीसेक वर्षं तो मिलानमध्ये होता. त्याने लिहिलं इटालियनमध्ये, उत्तरेकडच्या सुशिक्षित वाचकासाठी. १८६१ साली देश एक झाला तेव्हा बहुतेक लोकांची घरची भाषा इटालियन नव्हतीच. वेर्गाने बोलीतले शब्द टाळले आणि बोलीची चाल ठेवली: म्हणी, पुनरुक्ती, ऐकीव खबर खरी म्हणून सांगायची गावाची सवय. म्हणजे मूळ कथाच एका अर्थी अनुवाद आहे. इंग्रजीत ही चाल लंगडते हे मान्य. पण मराठीत ती पुन्हा उभी करता येईल, कारण गावाच्या तोंडून गोष्ट सांगायची रीत आपल्याकडे जिवंत आहे. चांगल्या अनुवादकाने इटालियनवरून थेट केलं तर फारच उत्तम.

आणि तुमच्या काल्व्हिनोनेही हेच काम केलंय. १९५६च्या त्याच्या ‘इटालियन लोककथा’मध्ये दोनशे गोष्टी आहेत, प्रांतोप्रांतीच्या बोलींतून त्याने इटालियनमध्ये आणलेल्या. सिसिलीच्या गोष्टींसाठी तो जुझेप्पे पित्रे या पालेर्मोच्या डॉक्टरांच्या एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहाकडे गेला. काल्व्हिनोचं ते स्वच्छ गद्य बोलींच्या शेजारीच घडलं.

नागसेनवन

दोघांनाही एक प्रश्न. वेर्गा गावाच्या तोंडाने बोलतो म्हणता, ते गावातल्या कोणाचं तोंड? वेर्गा जमीनदार घरातला. खाणीतलं पोर त्याने लांबून पाहिलं. माल्पेलोला स्वतःला बोलता आलं असतं तर त्याने ही कथा अशी सांगितली असती का? बाबुराव बागुलांची माणसं आठवा. तिथे सांगणारा आणि सोसणारा यांच्यात हे अंतर नाही. ग्रामीण कथेशी वेर्गाची सोयरीक जोडताना आपण हा फरक पुसतोय.

पुरावा म्हणून वेर्गाचीच ‘स्वातंत्र्य’ ही कथा बघा. १८६० साली इटली एक करायला निघालेल्या गारिबाल्दीच्या स्वारीच्या वेळी एटना डोंगराखालच्या ब्रोंते गावात शेतकरी उठले. जमीन वाटून मिळेल या आशेने त्यांनी गावातल्या बड्या लोकांना मारलं. गारिबाल्दीचा सेनानी नीनो बिक्सिओ आला, घाईचा खटला चालवला आणि पाच जणांना गोळ्या घातल्या. त्यात गावातला एक वेडाही होता. वेर्गाच्या कथेत त्या वेड्याच्या जागी बुटका येतो. वेड्या माणसाला देहदंड दिला, ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट तिथून नाहीशी होते. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, हा आक्षेप शाशाने घेतलेला आहे. जमाव रक्ताला चटावलेला दिसतो, आणि त्याला तिथवर आणणारी जमिनीची भूक दोनचार ओळींत उरकली जाते.

कथा जबरदस्त आहे. पण तिला गावाचा आवाज म्हणू नका.

सांगोलेकर

हा आक्षेप मी टाळणार नाही. वेर्गाचं राजकारण जमीनदाराचंच होतं. पण ‘माल्पेलो’मधलं ते तोंड माल्पेलोचं आहे असा माझा दावा नाही. ते त्याला छळणाऱ्यांचं तोंड आहे, आणि वेर्गाने ते लपवलेलं नाही. छळणारा स्वतःला किती शहाणा समजतो हे आतून दाखवणं हेही मोलाचं काम आहे. बागुलांनी केलं ते वेगळं, आणि मराठीत ते झालं याचा मला अभिमान आहे.

आणि शाशाचं नाव तुम्हीच काढलंत, म्हणून सांगतो: तिघांना एकत्र वाचायचं ते याचसाठी. पुढचा मागच्याचा हिशेब तपासतो. शाशाची ‘लांबचा प्रवास’ वाचलीत का? खेड्यातली माणसं घरदार विकून एका दलालाला अडीच लाख लीरा कबूल करतात, अर्धे निघताना, अर्धे पोचल्यावर. त्याने अमेरिकेत उतरवायचं. अकरा रात्री समुद्रात जातात. किनाऱ्यावर उतरतात, आनंदाने रस्ता शोधतात, आणि पाटीवर नावं दिसतात सिसिलीतल्याच गावांची. इथे शाशा कोणाला रक्तपिपासू म्हणत नाही, कोणाला हसतही नाही. आखातात पाठवतो म्हणून पासपोर्ट आणि पैसे घेऊन पसार झालेले दलाल आपल्याकडे काय कमी झाले?

मडगावकर

गोव्यातून एक नाव घालतो. आंतोनियो ताबुक्कीचं ‘इंडियन नॉक्टर्न’, मूळ १९८४चं. एक माणूस हरवलेल्या मित्राला शोधत मुंबई, मद्रास करत गोव्यात येतो. ताबुक्की पोर्तुगीजचा प्राध्यापक, पोर्तुगीज कवी पेसोआला इटालियनमध्ये आणणारा. गोव्याचं पोर्तुगीजपण त्याला पर्यटकासारखं नुसतं नवलाचं वाटत नाही. सुरुवातीचं मुंबईचं प्रकरण मात्र मला खटकतं. तिथली वेश्यावस्ती आणि रुग्णालय बाहेरच्या नजरेने रंगवलेलं आहे. नागसेनवन म्हणतात तो लांबून पाहण्याचा प्रश्न इथे आपल्याच शहराबाबत उभा राहतो. मराठी वाचकाने हे पुस्तक याच कारणासाठी वाचावं असं माझं म्हणणं.

शुभदा_नाशिक

इतका वेळ वाचतेय. सिसिली असो की काल्व्हिनो, नावं सगळी पुरुषांची. ग्रात्सिया देलेद्दाला नोबेल मिळालं १९२६चं, पिरांदेल्लोच्या आठ वर्षं आधी. सार्डिनियातल्या नुओरोची मुलगी, प्राथमिक शाळेपुढे शिकू न दिलेली. तिचं नाव एकाच्याही यादीत येऊ नये?

आणि नातालिया गिन्झबुर्ग. नवरा फॅसिस्टविरोधी, म्हणून अब्रुत्सीतल्या एका खेड्यात नजरकैद. त्या काळात तिने पहिलं पुस्तक टोपणनावाने काढलं, कारण वंशविषयक कायद्यांमुळे ज्यू नाव छापता येत नव्हतं. १९४४ साली नवरा रोमच्या तुरुंगात मारहाणीने गेला. त्या खेड्यातल्या हिवाळ्यावर तिने जे लिहिलंय त्यात भांडी आहेत, स्वयंपाकघरातली चूल आहे, दुकानातली संत्री आहेत, आणि नवऱ्याच्या मरणाला जेमतेम काही ओळी. आक्रोश नाही. ओळखीचं हवं की अनोळखी, हा तुमचा वाद तिच्यापाशी चालत नाही. माझं मत: सुरुवात तिच्यापासून करा. वाक्यं इतकी साधी की अनुवादात हरवायला जागाच नाही.

ऋतुजा_ठाणे

शुभदाताई, गिन्झबुर्ग पूर्ण मान्य.

सांगोलेकर, तुम्हाला मात्र शेवटचं एक. तुम्ही पिरांदेल्लोला खाणीशी बांधून टाकलंत. त्याची ‘गाडीने शिट्टी दिली’ बघा. बेल्लुका हा कारकून. घरात बायको, सासू आणि सासूची बहीण, तिघी आंधळ्या. दोन विधवा मुली आणि त्यांची पोरं. दिवसा कचेरी, रात्री घरी आणलेलं नकलेचं काम. एका रात्री लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू येते आणि त्याला आठवतं की बाहेर जग आहे. दुसऱ्या दिवशी तो साहेबाला उलटून बोलतो आणि सगळे त्याला वेडा ठरवतात. इथे ना गाव, ना खाण, ना बोली. ही कथा सिसिलीची नाही, कुठल्याही शहरातल्या चाळीची आहे, आणि माझ्या मते त्याची सर्वांत चांगली आहे. तुमच्या तीन सिसिलियनांपैकी एक निम्मा तरी माझ्या बाजूचा आहे.