जर्सींची वाकळ: मशीन टाके सोडतंय, आणि ब्राझीलशेजारी अर्जेंटिना चालत नाही

पायमशीन, कोल्हापूर

मंडळी, प्रश्न शिवणाचा आहे, पण मध्ये फुटबॉल घुसलाय, त्यामुळं जरा लांबण लागणार.

आमचं घर मंगळवार पेठेत. कोल्हापूर माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: इथं फुटबॉलचे संघ तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर मॅच असली की गल्लीत गडी माणूस दिसत नाही. आणि वर्ल्डकप आला की ह्याच गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, झेंडे, कटआउट, सगळं. आमच्या घरात ही वाटणी जिन्यावर होते. खालचा मजला ब्राझील, म्हणजे आमचे हे. वरचा अर्जेंटिना, म्हणजे चिरंजीव, वय २२. लेक शाळेच्या संघात गोलकीपर होती, तिला स्पेनच्या बायकांचा संघ आवडतो. मामंजी ८१ वर्षांचे, एके काळी तालमीकडून लेफ्ट आउटला, म्हणजे पुढच्या फळीत डाव्या कडेला, खेळायचे. त्यांचं म्हणणं, "आपली तालीम सोडली तर बाकी सगळे पाहुणे."

मी क्रोएशियाची. मला कुणी विचारत नाही, पण सांगते. २०१८ ला त्यांची लाल-पांढऱ्या चौकटीची जर्सी पहिल्यांदा नीट बघितली आणि माझी नजर गेली ती थेट काखेतल्या शिवणीवर. चौकटीचं कापड बाजूला जुळवून शिवणं काय असतं, हे ज्यानं शिवलंय त्यालाच कळतं. त्यांच्या कर्णधारानं, मॉड्रिचनं, हात वर केला की मी बघायची, चौकट जुळलीय का. असं करता करता खेळ कधी आवडायला लागला, कळलं नाही. फायनलला फ्रान्सकडून ४-२ नं हरले तेव्हा मी वाटाणे सोलत रडले, आणि घरात कुणालाच कळेना, हिला झालं काय.

तर, कपाटात जुन्या जर्सी साठल्यात. ब्राझीलच्या ४, अर्जेंटिनाच्या ४, लेकीच्या २, मामंजींची तालमीची १, माझी १. एकूण १२. २०२६ चा वर्ल्डकप ११ जूनला सुरू होतोय, फायनल १९ जुलैला, तीही न्यू जर्सीत! म्हटलं, आपण जुन्या जर्सींचं काहीतरी करू. मॅचा रात्री-पहाटेच्या, जुलैत आमच्याकडं पावसाची झड आणि गारठा. सोफ्यावर गुडघ्यावर घ्यायला एक वाकळ. १४ इंची चौकोन, तीन बाय चार.

अडचणी तीन.

एक. मशीन सासूबाईंचं, काळं, पायानं चालवायचं. ब्लाउज, परकर, पडदे, पोरांची दप्तरं, सगळं ह्याच्यावर निघालंय. पण जर्सीचं कापड खाली सारलं की चार टाके घालतंय, तीन सोडतंय. दोरा बदलला, तेल दिलं, बॉबिन पुन्हा भरली. सुई नवी, १६ नंबर.

दोन. कापड ताणतं म्हणून आतून पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावायला गेले. पहिलीच जर्सी घेतली ती ह्यांची २००२ ची पिवळी, पाठीवर हिरवा 9, रोनाल्डोचा. इस्त्री आतून फिरवली, पण पाठीवरचा नंबर खाली चादरीवर टेकलेला, हे डोक्यातच आलं नाही. उचलली तर 9 चा डावीकडचा गोल चादरीला चिकटून राहिला. आता चादरीवर हिरवी चंद्रकोर आहे आणि जर्सीवर 1, म्हणजे गोलकीपरचा नंबर. फायनलमध्ये दोन गोल मारणारा माणूस गोलकीपर झालाय. ह्यांना अजून सांगितलं नाही.

तीन. ब्राझील आणि अर्जेंटिना शेजारी-शेजारी लावायचे नाहीत, असं दोघांनी स्वतंत्रपणे बजावलंय. वर चिरंजीवांनी २०२२ च्या जर्सीला कात्री लावायची नाही अशी शपथ घातलीय. कागदावर चौकोन काढून काढून दमले.

कुणी असं काही शिवलंय का?

---

शिंपीकाका, इचलकरंजी

ताई, मशीनला दोष देऊ नका, सुई चुकलीय. १६ नंबरची साधी सुई टोकदार असते, ती जाड सुती कापडासाठी ठीक. जर्सीचं कापड मागावर विणलेलं नसून फाशात फासा गुंफलेलं असतं, स्वेटरसारखं, फक्त बारीक. टोकदार सुई खाली जाताना कापडाला बरोबर ओढून नेते, आणि वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं जातं. मग दोऱ्याचा फासा नीट पडत नाही आणि खालच्या शटलला तो सापडत नाही. टाका सुटतो तो असा.

दुकानात 'बॉलपॉइंट सुई' मागा, ११ नाहीतर १४ नंबर. तिचं टोक गोलसर असतं, धागा न तोडता दोन फाशांमधून वाट काढते. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती नको. मशीनच्या डोक्यावर दाबाचा स्क्रू असतो तो थोडा सैल करा, टाका एक घर मोठा ठेवा. एवढं करूनही सोडलं तर खाली वर्तमानपत्राची पट्टी घालून कागदासकट टीप मारा, नंतर कागद फाडून काढा. आम्ही कारखान्यात असताना शाळांच्या गणवेशाच्या टी-शर्टना, घाईच्या वेळी, हेच करायचो.

पेस्टिंगचं: नंबर असलेल्या जागी चिकटवूच नका. तिथं मागून मलमलचा तुकडा कच्च्या टाक्यांनी धरा, काम झालं की टाके उसवा. बाकीच्या ठिकाणी इस्त्री मंद, खाली बटर पेपर, आणि इस्त्री घासायची नाही, ठेवायची-उचलायची. कापताना १४ इंचाला चारही बाजूंनी अर्धा इंच माया सोडा, म्हणजे १५ इंच. आणि आधी पेस्टिंग, मग कापणं. उलटं केलंत तर चौकोन तिरका होणार.

---

कराडची मावशी

काकांचं बरोबर असेल, पण वाकळ मशीनवर शिवायची ही कल्पनाच मला पटत नाही. चौकोन जोडायला मशीन वापर हवं तर, पण आत-बाहेरचे थर धरायला हातानंच धावदोरा घाल. कडेनं सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, म्हणजे आतल्या साड्या गोळा होत नाहीत.

आणि एक सांगते, नुसतं पॉलिस्टर अंगावर घेऊ नको. घाम येतो आणि ऊबही धड लागत नाही. आत दोन जुनी सुती लुगडी, मागच्या बाजूला एक सुती. अंगाला लागणारी बाजू सुतीच हवी. जर्सी दिसायला वर राहू दे.

सासऱ्यांची तालमीची जर्सी मात्र सुती असणार. ती बाकीच्यांबरोबर धुतलीस की आटेल आणि सगळं कापड ओढून घेईल. आधी एकदा गरम पाण्यातून काढ, वाळव, मगच काप.

---

डावा विंग, ठाणे

शिवणातलं मला शून्य कळतं, पण हा धागा बघून राहवलं नाही. तुमच्या दोन्ही मजल्यांचा इतिहास सुई-दोऱ्याशी बांधलेला आहे, हे त्यांना सांगा.

खालचा मजला: १९५८ ची फायनल, स्टॉकहोमजवळ, यजमान स्वीडनविरुद्ध. दोघांचीही जर्सी पिवळी, आणि पिवळं घालायचा मान स्वीडनला मिळाला. ब्राझीलकडं दुसरा संच नव्हता. मग बाजारातून निळे शर्ट आणले आणि पिवळ्या जर्सींवरचे बिल्ले उसवून त्यांच्यावर शिवले. खेळाडूंना अपशकुन वाटू नये म्हणून संघप्रमुखांनी सांगितलं, निळा हा आपल्या अपारेसिदा मातेच्या वस्त्राचा रंग आहे. ५-२ नं जिंकले. १७ वर्षांच्या पेलेचे दोन गोल. म्हणजे ब्राझीलनं पहिला वर्ल्डकप घाईत टाके घातलेल्या शर्टात जिंकलाय.

मुळात पिवळी जर्सीही अशीच आली. १९५० ला उरुग्वेनं माराकानावर हरवलं तोवर ब्राझील पांढऱ्यात खेळायचं. नंतर एका वर्तमानपत्रानं नव्या जर्सीची स्पर्धा लावली आणि ती जिंकली १९ वर्षांच्या एका पोरानं. तो उरुग्वेच्या सीमेजवळ राहायचा, आणि मनातून उरुग्वेचाच होता!

वरचा मजला: १९८६, मेक्सिको, इंग्लंडविरुद्ध मॅरेडोनाच्या हातानं मारलेल्या गोलाची ती मॅच. निळा शर्ट उन्हात जड होतो म्हणून प्रशिक्षक बिलार्डोला हलका हवा होता. ऐन वेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून शर्ट आणले, बिल्ले शिवून लावले, आणि पाठीवर अमेरिकन फुटबॉलचे चंदेरी चकचकीत आकडे इस्त्रीनं चिकटवले. मॅरेडोनाचा तो शर्ट २०२२ मध्ये लिलावात ७१ लाख पौंडांना गेला. तेव्हा ताई, इस्त्री आणि नंबर हा विषय किरकोळ नाही.

बाकी तुमचं तिसरं कोडं सोपं आहे. चार ब्राझीलच्या, चार अर्जेंटिनाच्या, चार इतर. उभ्या तीन ओळी करा: एका बाजूला ब्राझील, दुसऱ्या बाजूला अर्जेंटिना, मधल्या फळीत तुमचं क्रोएशिया, लेकीच्या दोन आणि तालीम. कुणाचा कुणाला स्पर्श नाही.

---

पायमशीन, कोल्हापूर

डावा विंग, लाज वाटली मला. आठवडाभर मी आडव्या ओळी मांडत होते!

मधली फळी ऐकून घरात वाद झालाच. ह्यांचं म्हणणं, क्रोएशिया ब्राझीलच्या कडेला नको. २०२२ ला क्रोएशियाविरुद्धच्या क्वार्टर फायनलला नेमारनं गोल मारला, सगळी पेठ नाचली, आणि ११७ व्या मिनिटाला आमच्या पेटकोविचनं बरोबरी केली. पुढं पेनल्टीत आमच्या गोलकीपरनं, लिवाकोविचनं, पहिलीच अडवली. त्या रात्री मी हसू दाबायला स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरत बसले, अन् रात्री साडेअकराला भांडी आवरणारी बाई कुठली, हे काय लपतंय व्हय? ते अजून विसरले नाहीत. मी सांगितलं, २०१४ ला जर्मनीनं सात घातले तेव्हा तुम्ही हाफटाइमलाच तोंडावर चादर घेतली होती, तेव्हा क्रोएशिया कुठं होतं?

काका, बॉलपॉइंट सुई महाद्वार रोडला मिळाली. १४ नंबर. पहिल्या चिंधीवर टीप मारली, वीतभर. एक टाका सुटला नाही. मशीनचा आवाजसुद्धा बदलला, खडखड जाऊन नुसती सर्रर्र.

मावशी, तालमीची जर्सी गरम पाण्यातून काढली, खरंच बोटभर आटली. वाळत घालताना उलटी केली तर पाठीवरचा नंबर आतून दिसला. तो छापील नाहीच. पांढऱ्या मांजरपाटाचा 11 कापून काळ्या दोऱ्यानं काजटाक्यात बसवलाय. दोन टाक्यांत गव्हाच्या दाण्याएवढं अंतर, कोपऱ्यावर मात्र तीन टाके जवळ-जवळ, उसवू नये म्हणून. मामंजींना विचारलं. म्हणाले, "तुझ्या सासूचं काम. आदल्या रात्री कंदिलावर बसली होती. मॅच हरलो."

बरोबर, कोपऱ्यावर तीन टाके सासूबाईंचेच. माझ्या लग्नातल्या रुमालांना तसेच होते.

तर 9 चं ठरलं. हिरव्या पॉपलिनचा अर्धा गोल कापून काजटाक्यानं बसवणार. ह्यांना सांगितलं परवा. दोन मिनिटं गप्प बसले, मग डावा विंग यांची १९५८ ची गोष्ट वाचून दाखवली. आता गल्लीत सांगत फिरतायत की ब्राझीलची खरी जर्सी शिवलेलीच असते.

राहिली २०२२ ची, कात्री न लावायची.

---

शिंपीकाका, इचलकरंजी

ती कापू नका, शिवूही नका. त्या जागी साधा निळा चौकोन जोडा. जर्सी १४ इंचाला घडी घालून आतून सहा टिचबटणं लावा, चौकोनावर त्यांची जोडी. हवी तेव्हा काढून अंगात घालता येईल. मात्र टिचबटण जर्सीच्या नुसत्या कापडावर ठोकू नका, फाटेल. मागं कॉटन टेपचा तुकडा घाला.

---

फातोर्ड्याचो, मडगाव

आमच्याकडे हीच भांडणं ब्राझील आणि पोर्तुगालवरून. आजी पोर्तुगालची, बाकी सगळे ब्राझीलचे. तिनं मेजावरच्या कापडाच्या कडेला क्रोशानं हिरवी-लाल किनार केली होती, आणि वर्ल्डकपच्या महिन्यात जेवायला तेच कापड. कुणी काही बोललं तर आमटी वाढायची नाही.

---

पायमशीन, कोल्हापूर

काका, टिचबटणांची युक्ती वरच्या मजल्यानं मान्य केली, पण बटणं आपल्या देखत लावायची ह्या अटीवर. काल दोन तास शेजारी बसून होता. सुईत दोरा ओवून द्यायला शिकला एवढं झालं.

बाराही चौकोन जोडून झाले. 9 बसला, थोडा पोट सुटल्यासारखा दिसतोय, पण रोनाल्डोला ते शोभतं. लेकीची स्पेनची, ऐताना बोनमातीचा 6, बरोबर मामंजींच्या 11 च्या वर आलीय. मामंजींनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, ही पोरगी कुठल्या तालमीची.

आता कडेनं सहा इंची काठ लावायचाय. घरात दोन जुन्या सुती नऊवारी आहेत, एक हिरवी, एक आकाशी. हिरवी घेतली तर वरचा मजला जेवायला खाली येणार नाही, आकाशी घेतली तर खालचा उठणार नाही. कुठली घेऊ? सल्ला द्या, पण रंग सांगायच्या आधी आपण कुठल्या संघाचे ते लिहा.