जुने प्यूटरचे पेले वितळवून घरी ओतकाम: करावं की नाही?

ओतारी (धागाकर्ता):
मी शेफील्डला राहतो. इथल्या चॅरिटी दुकानांत प्यूटरचे, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचे, बिअरचे पेले धूळ खात पडलेले असतात. दोन-तीन पौंडांना मिळतात. मी ते आणून वितळवतो आणि समुद्रफेसात कोरलेल्या साच्यात ओततो. हो, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लहानपणी वेचायचो तोच समुद्रफेस, माकुळाच्या पाठीतलं पांढरं हलकं कवच. त्याच्या मऊ बाजूवर नखानेही नक्षी उमटते. गेल्या आठवड्यात गणपतीसाठी उंदीर ओतला, तर समुद्रफेसाच्या बारीक रेघा त्याच्या पाठीवर केसांसारख्या उतरल्या. अर्धा तास नुसता हातात धरून बसलो होतो.

माझं म्हणणं असं की नीट साफ केली तर ही भंगारातली धातू नव्या लगडीइतकीच चांगली काम देते. आजच्या प्यूटरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त कथील असतं, उरलेलं अँटिमनी आणि थोडं तांबं. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे भट्टी लागत नाही. विजेची शेगडी आणि जाड स्टीलचं पातेलं पुरतं. (ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही.)

वितळलं की वर राखाडी साय धरते. बहुतेक जण ती लगेच काढून टाकतात, आणि तिथेच चुकतात. त्या सायीत चांगलं कथीलही अडकलेलं असतं. वाटाण्याएवढं मेण टाकायचं आणि लाकडी काडीने तळापासून ढवळायचं. धूर होतो, कधी वर ज्योतही धरते, म्हणून हे बाहेर अंगणात. साय फुटून कोरडी काळी भुकटी होते. ती काढली की खाली आरसा. काडी तपकिरी झाली तर ताप बरोबर, काळी पडून धुमसायला लागली तर जास्त.

दोन पोरांची आई:
पूर्ण असहमत. जुन्या प्यूटरमध्ये शिसं असायचं, ते तुमच्या मेणाने जाणार आहे का? शिसं कथलात विरघळलेलं असतं. कितीही साय काढा, ते तिथेच राहतं. "साफ केलं" हा शब्दच फसवा आहे. आणि उंदीर गणपतीपुढे मांडलात की पोरं आधी तोच उचलणार आणि तोंडात घालणार. मुलांच्या रक्तात शिशाची अमुक मात्रा चालते असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. नवी, शिसं नसलेली लगड विकत घ्या. चार पौंड वाचवून काय मिळवणार?

धातुवाला:
मुद्दा बरोबर आहे, फक्त धोका कुठे आहे ते नेमकं सांगतो. ३०० अंशांच्या आसपास शिशाची वाफ नगण्य असते. भीती आहे ती त्या काळ्या भुकटीची आणि कानशीने घासताना उडणाऱ्या चुऱ्याची. हाताला लागते, हात तोंडाकडे जातो. ओतारी, तुम्ही ती भुकटी "काढली" एवढंच लिहिलंत. मास्क, हात धुणं, कपडे वेगळे ठेवणं यातलं काहीच लिहिलं नाहीत.

ओतारी:
मान्य, लिहायला हवं होतं. पण मी वजन करून पारख करतो. वस्तू पाण्यात बुडवून घनता काढायची. कथील ७.३, शिसं ११.३. जड भरली की बाजूला.

धातुवाला:
त्या काट्यावर विसंबू नका. २० टक्के शिसं असेल तर घनता ७.८६ च्या आसपास जाते, ते कळेल. पण ५ टक्के असेल तर ७.४. चारशे ग्रॅमच्या पेल्यात जेमतेम मिलिलिटरभर पाण्याचा फरक पडतो. घरच्या मापाला तो सापडत नाही. कागदावर घासून राखाडी रेघ उमटते का, हेही पाहतात. त्यानेही फक्त भरपूर शिसं ओळखू येतं.

जुनं ते सोनं:
मला दुसरंच खुपतंय. शेफील्ड हे ब्रिटानिया मेटलचं, म्हणजे शिसं नसलेल्या प्यूटरचं गाव. लंडनच्या प्यूटर कारागिरांच्या संघाला १४७४ साली राजाची सनद मिळाली. कारागीर आपापली खूण ठोकायचे, तीवरून वस्तू कुणाची ते कळायचं. ती खूण तुम्ही पातेल्यात घालता. पेल्यावर कुणाच्या निवृत्तीची तारीख कोरलेली असते, तीही जाते.

तांबट आळी:
इथे मी ओतारींच्या बाजूने. जुनं प्यूटर आज फारसं शिल्लक नाही, कारण तेच कारागीर जुनी भांडी मोडीत घेऊन नवी ओतून द्यायचे. आपल्याकडे भांड्याच्या दुकानात मोड घालून नवं भांडं आणतो, तसंच. मोडीत घालणं हाही त्या धातूचा इतिहासच आहे. बाकी, कल्हईवाला कथील लावताना नवसागर वापरतो, तसा इथे वापरून पाहिला का?

ओतारी:
एकदा पाहिला. पांढरा धूर नाकाडोळ्यांत गेला, पुन्हा नाही. मेणच बरं.

एक सगळ्यांनी लक्षात ठेवा. पेल्याचा कान बऱ्याचदा पोकळ असतो, आणि धुतलेल्या पेल्याचं पाणी आत राहतं. तसाच टाकला तर वाफ होऊन वितळलेली धातू उडते. माझ्या बाहीवर उडाली आहे, सदऱ्याला भोक पडलं. तेव्हापासून कान करवतीने कापतो, उभा चिरतो आणि शेगडीच्या कडेला वाळवतो. काचेचा तळ असेल तर तोही आधी काढतो.

दोन पोरांची आई:
म्हणजे आता भाजण्याचीही भर. माझं मत पक्कं झालं.

ओतारी:
तुमचा शिशाचा मुद्दा मी घेतला. ज्या पेल्यावर शिसं नसल्याची छाप नाही तो यापुढे वितळवणार नाही. घरात असे सात आहेत, ते तसेच राहतील. गणपतीपुढचा उंदीर नव्या लगडीतून पुन्हा ओततो. पण छाप असलेला, तळ फुटलेला, कुणी दोन पौंडांनाही न घेणारा पेला मी सोडणार नाही.

दोन पोरांची आई:
आणि साठलेली भुकटी?

ओतारी:
झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, वर चिठ्ठी लावून, कुलपात. डबा भरला की घातक कचऱ्यात देतो, घरच्या कचऱ्यात कधीच नाही.