गिरीश कार्नाड: अभिनेता आणि माहितीपटकार

प्रश्न (रंगवेडा): 'उंबरठा'मधला सुलभाचा पती किंवा 'मालगुडी डेज'मधले स्वामीचे वडील म्हणून कार्नाड आपल्या पिढीला परिचित आहेत आणि नाटककार म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. माहितीपटांचा उल्लेख मात्र यादीच्या शेवटी एका ओळीत उरकला जातो. ते काम अभिनयातून सवड मिळेल तसे झालेले मानावे, की त्यांच्या लेखनाशी त्याचे काही नाते आहे?

उत्तर (धारवाडकर): नाते आहे, आणि ते तारखांमध्येच दिसते. कनकदास आणि पुरंदरदास या हरिदास संतकवींवरचा 'कनक-पुरंदर' हा माहितीपट १९८८ मधला, सूफी परंपरेवरचा 'द लॅम्प इन द निश' १९८९ मधला, आणि बसवेश्वर व शरणांच्या (त्यांच्या भक्त-अनुयायांच्या) चळवळीवरचे 'तलेदंड' हे नाटक त्यानंतर लगेच, १९९० मध्ये आले. पुरंदरदास परंपरेनुसार धनाढ्य सावकार, तर कनकदास धनगर समाजातले. देवापुढे दोघेही समान, पण देवळाच्या दारात नाहीत. उडुपीच्या मंदिरात प्रवेश न मिळालेल्या कनकदासांना भिंतीतल्या ज्या झरोक्यातून कृष्णाचे दर्शन झाले असे सांगतात, तो झरोका आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भक्तीने जातीची भिंत खरोखर किती ढासळते, हाच प्रश्न 'तलेदंड'मध्ये ब्राह्मण मुलगी आणि चांभाराचा मुलगा यांच्या विवाहातून रक्तपातापर्यंत जातो. हा क्रम मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्याआधी १९७२ च्या सुमारास त्यांनी कवी द. रा. बेंद्रे यांच्यावर माहितीपट केला होता. तेव्हा बेंद्रे पंच्याहत्तरी ओलांडलेले होते. मराठी मातृभाषा असूनही कन्नडचे थोर कवी झालेले बेंद्रे आणि कोकणी घरात वाढून कन्नडमध्ये लिहिणारे कार्नाड, दोघेही धारवाडचे. त्यामुळे या विषयाकडे केवळ नेमून दिलेले काम म्हणून पाहता येत नाही.

उत्तर (चित्रसाक्षी): धारवाडकरांशी मी सहमत आहे, मात्र अभिनयाची बाजूही सोडून चालणार नाही. 'मंथन' (१९७६) आठवून पाहा. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभारलेल्या त्या चित्रपटात कार्नाडांचे डॉक्टर राव गावात येतात, दुधाचे नमुने तपासतात, आणि बराच काळ फक्त समोरच्याचे ऐकत राहतात. गावकऱ्याच्या बोलण्यावर स्वतःचा चेहरा न लादता प्रसंग पुढे जाऊ देणे ही अवघड गोष्ट त्यांना तिथे साधली आहे, आणि माहितीपट करणाऱ्याला नेमके हेच लागते. शिवाय 'मंथन'चे दिग्दर्शक श्याम बेनेगल स्वतः 'अंकुर' या आपल्या पहिल्या कथापटापूर्वी अनेक वर्षे माहितीपट आणि जाहिरातपट करत होते. त्या वर्तुळात कथापट आणि माहितीपट यांच्यात आज वाटते तेवढे अंतर नव्हतेच.

चरितार्थाचा मुद्दाही खरा आहे. नाटकांच्या मानधनावर घर चालत नाही. चित्रपट आणि मालिकांतल्या भूमिकांमुळे त्यांना स्वतःच्या आवडीच्या विषयांसाठी वेळ काढता आला, असे मला वाटते.

उत्तर (रंगवेडा): दोघांचेही मनापासून आभार. 'कनक-पुरंदर'ला कथाबाह्य चित्रपटांच्या गटात राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता हे वाचले होते, पण त्याची 'तलेदंड'शी सांगड घालण्याचे सुचले नव्हते. आता नाटक पुन्हा वाचतो, आणि माहितीपट पाहायला मिळाले की इथेच सविस्तर लिहितो.