मदत हवी आहे: पडाक लाकडाचा लाल रंग टिकवायचा कसा?

मंडळी, जळगावला घरीच देव्हारा करतोय, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येईल तेव्हा तिला द्यायचाय. चौकट शिवण लाकडाची आणि कडेला आफ्रिकन पडाकच्या पट्ट्या. रंधा मारला की असला केशरी-लाल निघतो की बघतच राहावं, पण तो टिकत नाही हीच अडचण.

एका तुकड्यावर अर्धा भाग कागदाने झाकून खिडकीत ठेवला होता. दोन महिन्यांत उघडा भाग तपकिरी, झाकलेला तसाच लाल. म्हणजे मुख्य मार उन्हाचाच, थोडा हवेचाही असेल. जवसाचं तेल लावून पाहिलं, आधी सुंदर दिसलं पण नंतर अजूनच काळपट पडलं. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश स्पिरिटमधलं, त्यात पडाकचा रंग विरघळला आणि फडक्याबरोबर शेजारच्या पांढुरक्या शिवणवर गुलाबी डाग पसरले, ते घासून काढता काढता जीव गेला.

स्प्रे गन नाहीये, फक्त ब्रश. देव्हारा पूर्वेच्या खिडकीजवळच राहणार, जागा बदलता येत नाही, समोर रोज दिवा-कापूर आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री. डाय किंवा स्टेन नको, लाकडाचा स्वतःचाच रंग हवाय. कायम राहणार नाही हे कळतंय, चार-पाच वर्षं टिकला तरी खूप.

आता विचार ऊन अडवणाऱ्या, यूव्हीवाल्या वॉटर बेस्ड पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) आहे. पडाकवर कुणी तो ब्रशने लावलाय का, किती कोट दिले, पट्ट्या बसवायच्या आधीच सुट्या सील केल्या तर शिवणवर रंग उतरणं थांबतं का, आणि दोन वर्षांनी रंग कसा दिसतोय?